नागझिऱ्याची पाठराखीण

गजूभाऊजींच्या मधुचंद्राला पचमढीला जाण्यात सगळ्यांत मोठा फायदा धकाते जावयांचा होता. जीपमधली पुढची सीट त्यांची, पंगतीतलं पहिलं पान त्यांचं, लग्नासाठी शिवलेला पांढरा सफारी मिरवायला धूपगडाचं टोक त्यांचं. शिवाय दोन दिवस अखंड बोलायला मिळणार आणि ऐकणाऱ्यांना उठून जायला जागा नाही. त्यांच्या खालोखाल फायदा मालूताईंचा, म्हणजे माझ्या नणंदेचा. चुलीपासून दोन दिवस सुटका. मग मामंजींचा. तहसिलीतून नाझर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या जुन्या प्रकरणांना घरात कोणी कान देत नव्हतं. सहलीत बांधलेले श्रोते मिळणार. राहता राहिले नवरा आणि नवरी. त्यांच्या वाट्याला काय येतं, ते मी कपबशा गोळा करता करता मनाशी मांडून पाहिलं. काही येत नव्हतं.

"मग ठरलं," जावई गुडघ्यावर थाप मारून म्हणाले. "येत्याच्या पुढच्या शनिवारी निघायचं. पचमढी!"

गजूभाऊजी खिडकीबाहेर बघत होते. त्यांची नवी बायको वैजयंती दाराआड उभी होती. तिच्या हातातला हिरवा चुडा तेवढा मला दिसत होता, आणि तो अजिबात वाजत नव्हता.

सत्त्याऐंशी सालचा डिसेंबर होता. भंडाऱ्याच्या आमच्या घरात मधुचंद्र हा शब्द मामंजींसमोर कोणी उच्चारत नसे. 'फिरायला जाणं' म्हणायचे. आणि फिरायला जायचं तर हटवारांच्या घरची एक रीत होती. इतरांकडे पाठराखीण नवरीबरोबर सासरी येते, दोन दिवस राहते आणि लाडू घेऊन परत जाते. आमच्याकडे तिची नोकरी लांबलचक होती. चुडा उतरेपर्यंत नवरीनं गावाची वेस ओलांडायची तर घरची एक बाई सोबत हवीच.

ही रीत एका बाईवर थांबली असती तर माझी तक्रार नव्हती. पण पाठराखीण म्हणून मालूताई निघाल्या. मालूताई एकट्या कशा जातील, म्हणून जावई. जावई जाणार आणि घरचं वडीलधारं कोणी सोबत नाही हे बरं दिसत नाही, म्हणून मामंजी. मामंजींचं पथ्य कोण सांभाळणार, म्हणून आई, माझ्या सासूबाई. मालूताईंची दोन मुलं तर हिशेबात न धरताच आली. मी आणि हे तेवढे घरी, कारण आमच्या मुलांची सहामाही चालू होती.

मला हे सगळं पाठ होतं. आठ वर्षांपूर्वी आम्हीही पचमढीलाच गेलो होतो. त्याचा फोटो अजून आहे. नऊ माणसं एका ओळीत उभी आहेत. मी डावीकडून सातवी, हे नववे, आणि मधल्या आठव्या जागेवर कमरेवर हात ठेवून धकाते जावई.

दुपारी वैजयंती माझ्याजवळ मेथी निवडायला बसली. ही वर्ध्याची, शाळेत गणित शिकवणारी मुलगी. सरळ प्रश्न विचारायची सवय.

"वहिनी, तिथं खोल्या किती मिळतात?"

"दोन."

तिचा चेहरा खुलला. "मग बरं आहे."

"एक बायकांची, एक पुरुषांची," मी म्हटलं.

तिनं मेथीची एक अख्खी जुडी निवडून संपवली. मग हळूच म्हणाली, "ह्यांना म्हटलं मी, बाबांशी बोला. तर म्हणतात, 'बाबांसमोर हे कसं बोलायचं?' आता सुट्टी संपली की ते पुन्हा सबस्टेशनवर आणि मी वर्ध्याला शाळेत. बदलीचं उन्हाळ्याआधी काही खरं नाही. आम्हाला हे दोनच दिवस आहेत, वहिनी."

एवढ्यात गजूभाऊजी पाणी प्यायला म्हणून आत आले. तांब्या तोंडाला लावायचाही विसरले.

"वहिनी, तुम्हीच करा काहीतरी."

"मी काय करू भाऊजी? जावयांना नाही म्हणायची ह्या घरात कोणाची ताकद आहे?"

"नाही म्हणू नका. पण करा."

विजेच्या खात्यातला माणूस, ताराही न जोडता दिवा लागावा अशी अपेक्षा करत होता. तरी मी विचाराला लागले. एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. जावयांना नाही म्हणता येत नाही, पण हो म्हणायला कोणाची बंदी नाही.

रात्रीच्या जेवणाला मी त्यांना आग्रहानं वाढलं आणि सहज म्हटलं, "जावईबापू, तुमच्या शेजारचे पराते ताडोब्याला वाघ बघून आले म्हणे?"

जावयांचा हात ताटावरच थांबला. त्यांचं उमरेडला कापडाचं दुकान होतं, त्याला लागूनच परात्यांचं. दोघांची स्पर्धा दुकानाच्या पाटीपासून मुलांच्या मार्कांपर्यंत सगळ्यांत होती.

"वाघ कसला! शेपूट दिसली त्याला, तेही दुरून. वर्षभर तेच सांगून राहिला गिऱ्हाइकांना."

"तेच तर. मालूताई म्हणत होत्या, लोक ऐकायला थांबतात त्यांच्या दुकानात."

मालूताईंनी असं काही म्हटलं नव्हतं, पण कौतुकाचं काम आपल्या नावावर आलेलं कोणाला नको असतं? त्यांनी मान डोलावली.

"पचमढीची कोण ऐकेल हो आता?" मी भाताचा डाव पुढं केला. "जो तो जाऊन येतो."

जावयांनी भात नको म्हटला. हे कधी झालं नव्हतं.

"आपणही जंगलातच जाऊ," ते एकदम म्हणाले. "काय मामंजी?"

"ताडोबा?" मामंजींनी विचारलं.

"छे! परात्याच्या मागं मागं काऊन जाऊ? दुसरं जंगल नाही का?"

"नवेगाव आहे ना," हे म्हणाले. माझ्या नवऱ्याचा स्वभाव असा, की दार उघडं दिसलं की त्यातून आत डोकावलंच पाहिजे, मग घर कोणाचं का असेना. "मोठं तळं आहे, नावा आहेत, सोय चांगली आहे."

सोय चांगली होती, हेच माझं दुखणं होतं. "हो, नवेगाव फार छान," मी म्हटलं. "दुरून दुरून बदकं येतात तिथं. नुसती बदकंच बदकं."

"बदकं?" जावयांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांच्या ताटात बदक वाढलंय. "गिऱ्हाइकाला काय सांगू, बदक पाहिलं म्हणून?"

"मग राहतं ते नागझिरा," मी म्हटलं आणि लगेच मान हलवली. "पण ते राहू द्या. ते साध्या माणसाचं काम नाही."

"का बरं?"

"अगदी आतलं जंगल. अस्वलं, रानगवे, वाघ. राहायचंही आतच, तळ्याकाठी. जाणकार माणूस लागतो सोबत."

जावयांनी मिशीवर बोट फिरवलं. पराते ज्या जंगलाच्या कडेनं जाऊन आला, त्याच्याहून आतल्या जंगलात आपण मुक्काम करणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलेलं मला दिसलं.

"नागझिरा!" ते म्हणाले. "गजू, उद्याच वनखात्याच्या कचेरीत जा आणि खोल्या सांगून ये. जाणकार मी आहे ना!"

गजूभाऊजींना वाटलं मी हरले. आठच्या आठ माणसं तशीच होती, फक्त गाव बदललं होतं. माझ्याकडे रागानं बघत हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून तिथले नियम विचारून आले. मी संध्याकाळी सगळे बैठकीत असताना त्यांना म्हटलं, "सगळं एकदा सांगून टाका ना भाऊजी. नंतर कोणाची गैरसोय नको." पुढचं जे झालं त्यात मी एक शब्दही खोटा बोलले नाही. नियम खरे होते. मी फक्त ते कोणाकडे तोंड करून विचारायचे एवढं पाहिलं.

"तिथं लाइट नाही," भाऊजी म्हणाले. "कंदील देतात."

"म्हणजे टीव्हीसुद्धा नाही?" मी मामंजींच्या पाण्याचा पेला भरत विचारलं. "रविवारीसुद्धा?"

त्या वर्षी रविवारी सकाळी अख्खं भंडारा आंघोळ करून टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेपुढं बसायचं. मामंजी तर धूतवस्त्र नेसून, उदबत्ती लावून. त्या एका तासात त्यांना कोणी हाक मारलेली चालत नसे. त्यांनी पेला तसाच खाली ठेवला.

"थंडी फार असेल तिथं," ते थोड्या वेळानं म्हणाले. "माझ्या गुडघ्याला..."

"हो ना बाबा," भाऊजी म्हणाले. त्यांच्या डोक्यात आता कुठं उजेड पडू लागला होता. "आणि शिधा आपणच न्यायचा. खानसामा एकटाच आहे."

"एकटाच?" मी मालूताईंकडे वळले. "आठ माणसांच्या पोळ्या एकटा कसा लाटेल बिचारा? मालूताई, तुमच्या हाताला तर चूल ओळखीची आहे. इथल्यापेक्षा तिथं जास्त मजा येईल."

मालूताईंच्या कपाळावर आठी पडली. जावई मात्र अजून वाघावरच होते.

"ते चालतं सारं. जंगल म्हटलं की हे आलंच."

"बिडी-सिगारेट बंद," भाऊजी म्हणाले. "आग लागते म्हणून."

"अं?"

"पांढरे कपडे नाही घालायचे. जनावरं बुजतात."

जावयांनी आपल्या सफारीच्या बाहीकडे पाहिलं.

"आणि जंगलात बोलायचं नाही. अगदीच गरज पडली तर कुजबुजायचं."

"दोन दिवस?"

"दोन्ही दिवस," मी म्हटलं. "पण तुम्ही जाणकार. तुम्हाला काय अवघड?"

आता जावयांना मागं फिरायचं होतं, पण नागझिऱ्याचं नाव त्यांच्याच तोंडून निघालं होतं. मी त्यांच्या बाजूनं खरंच काळजीत पडले. दार बंद केलं की माणूस भिंतीवर धडकतो. एखादी खिडकी तरी उघडी ठेवायला हवी.

"जावईबापू," मी म्हटलं, "तुम्ही कालपासून काही मनात ठेवून आहात. बोलत नाही, पण मला कळतं. तुमचं मन मोठं आहे."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या मनात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते मोठं आहे यावर त्यांचा लगेच विश्वास बसला. छाती भरून ते बोलले.

"खरं सांगू का मामंजी? नवराबायकोच्या मधात आपण काऊन जावं? त्यांचे हे दिवस आहेत. जाऊ द्या दोघांले."

"वा!" मामंजी म्हणाले, आणि गुडघ्याचं दुखणं विसरून उभे राहिले. "जावईबापू, लाख बोललात! मी हेच म्हणणार होतो."

मालूताईंनी नवऱ्याकडे लग्नानंतर प्रथमच इतक्या प्रेमानं पाहिलं. गजूभाऊजींनी वाकून जावयांच्या पाया पडण्याचं नाटकही केलं. मी चहा टाकायला वळले, तोच कोपऱ्यातून आवाज आला.

"ते सारं ठीक हाय. पाठराखीण?"

आई लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता बोलल्या.

"आई, आता कशाला..." भाऊजींनी सुरुवात केली.

"काऊन? रीत बुडाली काय? मालू नाही तर मी जाईन."

मी चुलीपाशी उभी राहून आईंचा विचार केला. अंधाराला त्या भीत नव्हत्या. टीव्हीपुढं बसल्या की झोपायच्या. चार माणसांचा स्वयंपाक त्यांना स्वयंपाक वाटत नसे. नेसायच्या काळपट लुगडं. आणि बोलायचं म्हणाल तर दिवसाला त्यांचे शब्द मोजके असत. नागझिऱ्याचे सगळे नियम जणू त्यांना बघूनच केले होते. मामंजींचं पथ्य पुढं करून पाहिलं, तर म्हणाल्या, "तू हायेस ना." माझ्या पोतडीत आईंसाठी काहीच नव्हतं.

वैजयंती त्या दिवशी जेवली नाही. पुढचे चार दिवस भाऊजी माझ्याशी नीट बोलले नाहीत. शुक्रवारी आईंनी माळ्यावरची कापडी पिशवी काढली, झटकली, आणि आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं. मी बाहेरूनच विचारलं, "आई, काही मदत करू?" तर आतून, "तुझं तू कर."

शनिवारी सकाळी जीप दारात आली. भाऊजींचा चेहरा पाहून वाटावं, ते मधुचंद्राला नाही, चौकशीला निघालेत. वैजयंती मागं बसली, अंग चोरून, आईंना जागा ठेवून. आई पिशवी घेऊन बाहेर आल्या. जीपजवळ गेल्या, पिशवी आत ठेवली आणि मागं वळून मला म्हणाल्या, "चढ."

"मी?"

"पाठराखीण घरची बाई पाह्यजे. तू काय परकी हायेस?"

मी पिशवीत डोकावले. वर माझी जांभळी साडी होती. तिच्याखाली ह्यांचा स्वेटर.

"आणि हे पण?"

"बाई एकटी कशी जाईन?" आईंनी अगदी मामंजींच्या सुरात विचारलं. मग ओसरीवर ब्रश करत उभ्या असलेल्या ह्यांना म्हणाल्या, "मनोहर, तोंड धू अन् बस पुढं."

"पण मुलं? परीक्षा?"

"संपली न काल. अन् मी काय मेली?"

जावई पायरीवर आले होते. पुढच्या सीटवर दुसरं कोणी बसताना त्यांनी प्रथमच पाहिलं असावं. पण मोठ्या मनाचा शब्द देऊन बसले होते. त्यांनी हात वर करून निरोप दिला.

मी आईंच्या जवळ गेले. "आई, हे कशाला? लोक काय म्हणतील? आठ वर्षांनी..."

त्यांनी माझा पदर नीट केल्यासारखं केलं आणि हळू बोलल्या. "पचमढीले तू माह्या बाजूले निजली होती. पांघरुणात रडून राहिली होती. मले ऐकू येत नाही असं वाटलं काय तुले?"

"मी कुठं रडत होते?"

"मंग वारा रडत होता. चढ आता, ड्रायव्हर खोळंबला."

मी हयातभर माणसं जोखत आले, कोणाला काय हवंय ते दोन वाक्यांत ओळखते असा माझा ताठा होता. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचा फायदा मी मांडला होता. माझा स्वतःचा कोणी मांडून ठेवला असेल हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जीप साकोलीच्या रस्त्याला लागली तरी मी पिशवी मांडीवर घट्ट धरून होते.

नागझिऱ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तळ्याचं पाणी हलत नव्हतं. दोन खोल्या होत्या आणि ह्या वेळी त्यांची वाटणी कोणाला करावी लागली नाही. भाऊजी आणि वैजयंती तळ्याच्या कडेनं निघाले. मी पाठराखीण म्हणून माझं कर्तव्य केलं: त्यांच्याकडे पाठ करून पायरीवर बसले. हे शेजारी येऊन बसले. आम्ही दोघंच असे पहिल्यांदाच बसलो होतो, आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचेना.

"आपल्या बंडूचा खोकला..." हे म्हणाले.

"आई आहेत."

"हो. आहे ती."

खानसाम्यानं चहा आणून ठेवला, साखर वेगळी. ह्यांनी चमचा उचलला, माझ्या कपावर धरला आणि थांबले.

"तू साखर किती घेतेस?"

"घेतच नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

हे माझ्याकडे बघत राहिले. "आठ वर्षं?" मग त्यांना हसू फुटलं. जंगलात आवाज करायचा नाही म्हणून त्यांनी तोंडावर हात दाबला, तसं मलाही आवरेना. दोघं पायरीवर बसून पोरांसारखे हलत होतो. पलीकडच्या काठावर झाडीतून काहीतरी काळं सरकलं. एक गवा बाहेर आला, मग दुसरा, मग अख्खा कळप. पाण्याला तोंडं लावून, आमची अजिबात पर्वा न करता, ते निवांत पाणी पीत राहिले. ह्यांनी माझा हात धरला होता. कळप गेला तरी सोडला नाही.

तेवढ्यात मागून कुजबुज आली. "वहिनी!" भाऊजी होते. वैजयंतीचे केस विस्कटलेले आणि चेहरा असा, की जणू भंडारा जिल्हा तिनं जिंकून घेतलाय. "वहिनी, पाहिलं?" ती म्हणाली. "आम्ही किती जवळ होतो!"

"मी काही पाहिलं नाही," मी म्हटलं. "पाठ केली होती मी."

तिचा चुडा त्या दिवशी पहिल्यांदा खणखणून वाजला. खानसाम्यानं वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

रविवारी संध्याकाळी परत आलो तेव्हा घराचा हिशेब पुरा झाला होता. आई दोन दिवस नातवंडांत अडकल्या, तेव्हा स्वयंपाक मालूताईंनी केला, घरच्या चुलीवर, जंगलाइतक्याच माणसांचा. जावयांना मामंजींनी कुळकायद्याची तीन प्रकरणं मुळापासून सांगितली. आणि 'नवराबायकोच्या मधात आपण काऊन जावं' हे त्यांचं वाक्य मामंजींनीच गल्लीभर केलं. त्यानंतर नात्यात लग्न झालं की लोक जावयांचा दाखला देऊन जोडप्याला एकटं पाठवू लागले, आणि जिथं तिथं त्यांची वाहवा व्हायची. फिरायला मात्र त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. वाघ पाहायचा राहिला तो राहिलाच.

आई ओसरीवर बसल्या होत्या. बंडूनं त्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती. ती त्यांनी दोऱ्यानं बांधली होती. धाकटी मांडीवर झोपली होती, त्यामुळे त्यांना उठता येत नव्हतं, आणि किती वेळापासून येत नव्हतं ते त्या सांगेनात.

"आई, तुम्हाला फार त्रास झाला."

"वाघ दिसला काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग पुढच्या साली पुन्हा जा लागन."

आम्ही गेलो. त्या पुढच्या वर्षीही गेलो. चौघं जाऊन आलो, आणि त्याची किंमत भरली ती घरी राहिलेल्यांनी. सगळ्यांत जास्त आईंनी, आणि पावती मागितली नाही ती एकट्या त्यांनीच.